वरची मूठ

…किलोभर मासळीच्या पिशवीला काटा नऊशेवर थांबला. बाजाराच्या दारातला हा सरकारी काटा. कुणीही यावं, आपली पिशवी तोलून बघावी. पण मिलाग्रोस सतरा वर्षांत आज पहिल्यांदाच त्याच्यापुढे उभी होती, तेही कुणी बघत नाही ना याची खात्री करत. नऊशे. तिनं पिशवी उचलून अर्धा किलो साखरेचं पाकीट ठेवून पाहिलं. पाचशे. म्हणजे काट्यात खोट नव्हती. मग पुन्हा पिशवी, आणि तिच्यावर केळीच्या पानात बांधलेली मूठभर तारली… काटा बरोबर हजारावर गेला.

ही मूठ पुरिंगची. पुरिंग तिची नेहमीची मासळीवाली. किलो तोलून झाला की वर एक मूठ घालायची, ‘ही माझ्याकडून’ म्हणायची. आज पिशवी फाटायला आली म्हणून मूठ वेगळी बांधली, एवढंच. नाहीतर कधी कळलंही नसतं. शेजारच्या गाळ्यावर तारली एकशे ऐंशी पेसो किलो, पुरिंगकडे एकशे नव्वद. पण वरची मूठ धरली की अकराशे ग्रॅम, म्हणजे किलो एकशे त्र्याहत्तरलाच पडला — हे गणित मिलाग्रोसनं साऱ्या गल्लीला शिकवलं होतं. भाव बघू नका, हातात काय पडतं ते बघा. मी हिशोबात फसत नाही… आणि मीच इतकी वर्षं जास्त पैसे मोजून वर आभार मानत आले.

पैशाचं दुःख नव्हतं. नवरा बोटीवर होता, सहा महिने पैसे आले नव्हते, तेव्हाही ती मूठ चुकली नव्हती, आणि मिलाग्रोस घरी येऊन रडली होती, या गावात आपलं कुणीतरी आहे म्हणून. ती आपलीच मासळी होती? की पुरिंगचा काटाच बिघडलाय, आणि बिचारी रोज भरून काढते? मग ‘माझ्याकडून’ कशाला म्हणायचं?

आणि आज ती पुरिंगला विचारायला आली होती, मुलीच्या लग्नात धर्ममाता होशील का, आईच्या मानानं नवरीच्या पाठीशी उभी राहशील का म्हणून.

ती परत गाळ्यावर गेली ती भांडायचं ठरवूनच. पण पुरिंगनं हात पुसत, “काय राहिलं, मानांग?” असं नेहमीसारखं ताई म्हणून विचारलं, आणि तोंडातून लग्नाचंच निघालं.

पुरिंगनं हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मी? शाळेतल्या मोठ्या बाई सोडून मासे विकणारीला उभं करणार तू?”

तिनं बर्फातला सगळ्यात मोठा मासा उचलला, न तोलताच मिलाग्रोसच्या टोपलीत ठेवला. “नवरीला घाल. आणि पैशाचं नाव काढू नकोस.”

मिलाग्रोस हसली, आभारही मानले. हात मात्र टोपलीचा भार जोखत होता. सहाशे ग्रॅम तरी… शंभर-शंभरनं सहा खेपा. सहा खेपांत वसूल करेल ही. तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी पुरिंग डोळे पुसायला वळली तेव्हा तिनं वाकून, निरखून पाहिलं — ते खरंच ओले आहेत का.