मागे घेताना

मोठ्या बसचं लायसन्स म्हणजे नकटीचं लग्न, सतराशे विघ्नं. आधी छोट्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढा, महिनाभर थांबा, परीक्षा द्या. पक्कं हातात पडलं की ते वर्षभर मुरू द्या. तोवर बसच्या स्टिअरिंगला बोट लावायचं नाही. मग बसचं शिकाऊ, पुन्हा महिना. मग ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. मग परीक्षेची तारीख, आणि ती मिळणार कधी, तर साहेबांची मर्जी लागेल तेव्हा. माझ्या सुनेकडे सगळी मिळून दोनच वर्षं होती.

मुलगा माझा बसवर ड्रायव्हर. आठ दिवसांच्या तापात गेला. डेपोचा नियम असा, की ड्रायव्हर गेला तर त्याची जागा दोन वर्षं घरच्या माणसासाठी राखून ठेवायची. पण जागा ड्रायव्हरचीच. लायसन्स दाखवा आणि गाडीवर चढा, नाहीतर दोन वर्षं भरली की ती दुसऱ्याला. घरात उरलो आम्ही तिघं: मी, अर्धांगवायूने खाटेला खिळलेली माझी बायको, आणि सून.

"बाबा, मी शिकते बस," सून म्हणाली.

"अगं, तुला सायकल तरी येते का?"

"नाही येत. पण तुम्ही आहात ना."

पस्तीस वर्षं बस चालवून मी निवृत्त झालेला, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा. अख्खा गाव मला मास्तर म्हणतो. घरच्याच माणसाला नाही म्हटलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

आणि पोरगी शिकली हो. चढावर गाडी अशी उचलायची, की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस जागा होणार नाही. वळणावर मी ओरडायचो, "गाढवा, मागचं चाक तुझ्या बापाच्या पायावरून गेलं!" तर ती हूं की चूं करायची नाही, पुन्हा वळण घ्यायची. सकाळी सासूला पुसून, कूस बदलून, भरवून यायची, आणि दुपारी घरी जाऊन पुन्हा तेच. तिच्या हातांना कायम औषधी साबणाचा वास. स्टिअरिंगलाही तो लागायचा.

आमच्या डेपोत बस मागे घ्यायची एक रीत आहे. कंडक्टर खाली उतरतो, मागे उभा राहतो आणि पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे ये, एक म्हणजे थांब. ड्रायव्हरने फक्त कान द्यायचा. आरसे आमच्याकडे भांग पाडायला. मी पस्तीस वर्षं तसंच केलं, मुलाने तसंच केलं, आणि सुनेलाही तसंच शिकवलं. मागे उभा राहून थापा मारायचो मीच. त्यात काही वाईट हेतू नव्हता, शपथेवर सांगतो. तेव्हा नव्हता.

पहिल्या परीक्षेला विसावा महिना उजाडला. परीक्षेत ड्रायव्हरच्या शेजारी इन्स्पेक्टर बसतो, मागे कुणालाही उभं राहू देत नाहीत. सगळं झकास केलं तिने, आणि शेवटी दोन खांबांच्या मधे गाडी मागे घेताना खांबच आडवा केला. इन्स्पेक्टर उतरून माझ्याकडे आला.

"मास्तर, बाई गाडी छान चालवते. मागे घेताना आरशात बघायला तेवढं शिकवा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या खेपेला पास करतो."

मी कपाळावर हात मारला. एवढी साधी गोष्ट! घरी जाऊन तिला सांगायचंच, असं ठरवून निघालो. आत शिरतो तर ती सासूचे केस विंचरत तिच्याशी बोलत होती. सासूला बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

"आई, नोकरी लागली ना, की डेपोमागची खोली मिळते मला. तिकडेच राहीन म्हणते. तुमच्यासाठी एक बाई ठेवू. मी येत जाईन सुट्टीला."

सुट्टीला! म्हणजे गरज सरो, वैद्य मरो. शिकवायचं मी, दोन वर्षं घसा फोडायचा मी, आणि ही चालली खोलीत राहायला. बायकोची कूस रात्रंदिवस कोण बदलणार? तिची चादर कोण धुणार? मी?

सून बाहेर आली. "बाबा, साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, लक्ष नसतं तुझं. कान उघडे ठेव."

ती बिचारी कान उघडे ठेवायला लागली. मैदानावर डोळे मिटून मागे घ्यायची. मी थाप मारली की वीतभरसुद्धा फरक नाही. दुसऱ्या परीक्षेला शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडा मारला, ठक ठक, आणि तिने गाडी मागे सोडली ती थेट कुंपणात.

तिसरी परीक्षा तेविसाव्या महिन्यात. त्यात नापास झालं की दोन महिने पुन्हा बसता येत नाही, म्हणजे डेपोची जागा गेलीच. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. सकाळी तिच्या घशाखाली घास उतरला नाही. मी मात्र पोटभर खाल्लं.

खांबांपाशी तिने गाडी उभी केली, रिव्हर्स टाकला आणि थांबली. इंजिन धडधडतंय. इन्स्पेक्टर म्हणाला, "घ्या बाई मागे." ती म्हणाली, "हो साहेब." आणि जागची हलेना. मान किंचित तिरकी, कान मागे लावलेला. रांगेतले लोक हसायला लागले. कपाळावरचा घाम पुसायलाही तिने हात उचलला नाही; थाप चुकेल म्हणून असेल. पाच मिनिटांनी इन्स्पेक्टरने स्वतःच चावी फिरवली आणि खाली उतरला.

"मास्तर, तिला सांगितलं नाहीत?"

"दहादा सांगितलं साहेब," मी म्हटलं. "डोक्यात शिरतच नाही. तुम्ही कशाला तोंड शिणवताय? नापास करा आणि सोडा."

त्याने मान हलवली आणि कागदावर तसं लिहिलं.

घरी आल्यावर तिने चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला, आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

"बाबा, तुमचं नाव घालवलं मी. एवढ्या कष्टाने शिकवलंत, आणि माझं कर्मच फुटकं. दुसऱ्या कुणी कधीच हाकलून दिलं असतं मला."

लाज वाटली मला. खोटं कशाला बोलू? सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आत बायको कण्हली, आणि सून डोळे पुसत उठली, गरम पाणी घेऊन आत गेली. तिचा हळू आवाज ऐकू आला, "आले हं आई, वळा बघू इकडे." माझ्या जिवात जीव आला. मी चहा संपवला.

"बाबा," तिने आतूनच विचारलं, "जागा गेली तर गेली. पण दोन महिन्यांनी पुन्हा बसायचं ना परीक्षेला?"

"बसायचं की," मी म्हटलं. "तोवर कानाचा सराव सोडू नकोस."