दर्शनी भिंत

आईंच्या खोलीत, पोर्चला लागून असलेल्या भिंतीवर, पेन्सिलीच्या चार रेघा आहेत. ओल जिथवर चढेल तिथे दर तीन महिन्यांनी मी रेघ ओढते आणि तारीख लिहिते. पहिली रेघ जमिनीपासून अकरा सेंटिमीटरवर होती, चौथी त्रेचाळीसवर. आईंची उशी पंचावन्नवर.

ओल येते कुठून, हे शोधायला विज्ञान लागत नाही. गेल्या वर्षी नवऱ्याने पोर्चमध्ये याच भिंतीला टेकून विटांचा लांबलचक वाफा बांधून घेतला आणि त्यात जांभळ्या फुलांची झाडं लावली. पाणी निघून जायला भोक ठेवलं नाही. गढूळ पाण्याचे ओघळ फरशीवर वाईट दिसतात, म्हणून. रोज सकाळी तो तिथे नळी धरून वीस मिनिटं उभा राहतो, कारण समोरच्या घरातली माणसं त्याच वेळी कामाला निघतात.

"एवढं पाणी जातं कुठे?" मी एकदा विचारलं.

"झाडं पितात."

बारा झाडं एवढं पीत असतील तर त्यांच्यावर प्रबंध लिहायला हवा. पण हे त्याला म्हटलं नाही. त्याला ते कौतुक वाटलं असतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्क्याऐंशी. दर थंडीत भरणारी छाती या वर्षी उन्हाळ्यातही मोकळी झाली नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "खोली कोरडी हवी. पुढच्या वेळी दवाखान्यातून परत नेता येईलच असं नाही." वरच्या मजल्यावर त्यांना चढवत नाही. हॉलमध्ये पलंग टाकू म्हटलं तर नवरा म्हणाला, "मग तो हॉल राहील का?"

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिच्या आवारात मला दोन खोल्यांचं घर मिळत होतं. तळमजल्यावर, कोरड्या भिंतींचं. किल्ली पहारेकऱ्याकडेच असायची, मी हो म्हणायचाच अवकाश. आठ महिने मी "कळवते" म्हणत होते. नवऱ्याला मनातल्या मनात तुच्छ लेखायला हिंमत लागत नाही. तेवढं मला छान जमत होतं.

मग मोठे दीर सहा वर्षांनी येणार असल्याचं कळलं आणि नवऱ्याने रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्याने भिंतीवर तळवा टेकवला, नखाने पोपडा काढला.

"साहेब, ही तर न्हाऊन बसलीय. वाफा फोडा, महिनाभर वाळू द्या, मग रंग."

"दादा रविवारी येतोय."

"मग दादांनाच घाला वाळत," रंगारी माझ्याकडे वळून पुटपुटला. मोठ्याने म्हणाला, "वरून रंग मारला तरी पाणी आहे तिथेच राहणार."

"पाणी अडवणारा रंग मार. सगळ्यात जाड."

"साहेब, बाहेरून वाट बंद केलीत तर ते आत निघेल."

"तू रंगारी आहेस की ज्योतिषी?"

चार दिवसांत घराचा चेहरा बदलला. समोरच्यांची भिंत राखाडी होती, म्हणून आमची एक छटा अधिक राखाडी झाली. कठड्याला काळा रंग लागला, दारावर पिवळा दिवा, पितळी पाटी. वेताच्या दोन खुर्च्या आल्या. त्यांवर बसायचं नव्हतं. इथे निवांत बसणारी माणसं राहतात असं रस्त्यावरून वाटायला हवं होतं.

शनिवारी आतल्या बाजूने गिलाव्याचं ढेकूळ सुटलं आणि आईंच्या अंथरुणावर पडलं.

"बडा घर, पोकळ वासा," आई चादर झटकत म्हणाल्या. "पण आपला पोकळ कुठे गं? चांगला पाण्याने भरलाय."

मी नवऱ्याला ढेकूळ दाखवलं. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आतलंच आहे ना?" म्हणाला आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

रविवारी दीर आले. फाटकातच थांबले, दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली. "वा! छटा कुठली रे ही?" दहा मिनिटं दोघे भाऊ छटेवर बोलत होते. आई कशी आहे, हे अजून कोणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात खोकल्याची उबळ खिडकीतून बाहेर आली. दिरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईची खिडकी लावून घे. वासही येतोय कुबट."

मी आत गेले. आई पलंगाच्या कडेला वाकून बसल्या होत्या.

"काय फर्मान आहे?"

"खिडकी लावायची."

"लाव बाई. मला काय, माशासारखे कल्ले फुटतीलच आता." त्या हसल्या आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला. मी घड्याळ पाहिलं. श्वास मिनिटाला बत्तीस, हवे होते विशीच्या आत. मी त्यांच्या पाठीमागे लोड लावला, शाल पांघरली आणि बाहेर आले.

"लावलीस?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"अगं, दादासमोर तरी..."

"भाऊजींनीही ऐकावं," मी म्हटलं. "मी आईंना घेऊन जातेय. आत्ता डॉक्टरांकडे, आणि तिथून प्रयोगशाळेच्या घरी. कायमची."