वरच्या टोकाला शांत

मेव्हण्याच्या तक्रारींचा हिशेब ठेवायचा म्हटलं तर एक कारकून वेगळा नेमावा लागला असता. चहा पाणचट, हातमोजे ढिले, पंखा त्याला सोडून सगळ्या जगाला वारा घालतो. आणि लहानपणी सायीची वाटी नेहमी बहिणीलाच मिळाली, ही जुनी बाकी तर दर भेटीत पुढे ओढली जायची. ती बहीण मापाड्याला दिलेली, तेव्हा ऐकून घेणं ओघानेच आलं.

'मापाडी' हे नावही मेव्हण्यानेच पाडलेलं. कारखान्यातल्या मशीनांना सेन्सर लावायचे, त्यांच्या तारा कॉम्प्युटरपर्यंत आणायच्या आणि पडद्यावर ग्राफ काढायचा, हे दाजींचं काम. "आम्ही पत्रा दाबतो, दाजी हवा मोजतात," असं तो चारचौघांत सांगायचा. त्यामुळे आपली प्रेस बिघडलीय असं तो म्हणाला, तेव्हा मापाड्याने तेही नेहमीच्याच खात्यात टाकलं.

"दाजी, खरंच सांगतो. पत्र्यावर आली की थरथरते. घास चावताना खडा लागावा तशी."

"मागे म्हणालास, पंखा तुझ्यावर डूख धरून आहे."

"पंख्याने हात नाही जात माणसाचा."

त्या प्रेसला सेन्सर होता, नाही असं नाही. पण त्याची बारीक तार मोटरच्या जाड केबलला खेटून आलेली, त्यामुळे केबलमधल्या विजेची सगळी कुजबुज सिग्नलमध्ये मिसळायची. पडद्यावर दिसायचं ते न विंचरलेलं डोकं. मापाड्याने तार लांबून फिरवली, अर्थिंग पुन्हा केलं, तारेवर जाळी चढवली. गुंता थोडा सुटला, पण संपला नाही.

मॅनेजर मागे येऊन उभा राहिला. "हे काय, कोंबड्यांनी उकरल्यासारखं? गिऱ्हाइकाची माणसं बघायला यायचीत. मला रेघ हवी, रेघ!"

मग मापाड्याला युक्ती सुचली. प्रेस ठोका मारून पुन्हा वर पोचली की तिथला एक खटका दाबला जायचा. त्याने सॉफ्टवेअर त्या खटक्याला बांधलं. खटका वाजला की एकच रीडिंग घ्यायचं, मधलं सगळं सोडून द्यायचं. ग्राफ असा सरळ झाला की पट्टी लाजावी. मॅनेजरने पाठ थोपटली. पाठ थोपटली गेल्यावर माणूस सहसा मागे वळून बघत नाही. मापाड्यानेही बघितलं नाही. वरच्या टोकाला प्रेस कशालाच टेकलेली नसते, तिच्यावर भार नसतो, ती तिथे दम खाते. लंगडणाऱ्या माणसाची चाल तो बसलेला असताना तपासावी, तसा तो प्रकार होता.

मेव्हणा पुन्हा कुरकुरत आला, तेव्हा मापाड्याने त्याला खांद्याला धरून पडद्यासमोरच नेलं. "बघ. कुठे आहे तुझा खडा?"

मेव्हण्याने वाकून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "म्हणजे मलाच भास होतात?"

"भास नाही रे. सवय आहे तुझी."

मेव्हणा हसला आणि कामावर गेला. त्यानंतर प्रेसबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. मापाड्याला तोही आपलाच विजय वाटला.

एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपल्यावर, प्रेसला वर तोलून धरणारी आतली खीळ तुटली. पत्रा सरळ करायला मेव्हण्याने उजवा हात आत घातला होता. प्रेस आपणहून खाली आली. मापाडी धावत गेला तेव्हा कुणीतरी पहारीने ती उचलायला बघत होतं. पडद्यावर रेघ होती तशीच होती. प्रेस पुन्हा वर गेलीच नव्हती, तर खटका वाजणार कशाने?

मॅनेजरचा अहवाल तयार झाला: मशीन उत्तम, सोबत ग्राफ, कामगाराने हात बाहेर काढण्याआधीच पायाखालचं पेडल दाबलं.

मापाड्याने शेजारच्या प्रेसचं, तसंच बांधून ठेवलेलं, सॉफ्टवेअर खटक्यावरून सोडवलं. ती त्याच घडणीची. आता एका ठोक्यात शेकडो रीडिंगं येऊ लागली. पडदा पुन्हा विस्कटला, पण त्या गुंत्यात दर ठोक्याला, प्रेस पत्र्यावर बसायच्या क्षणी, एक काटा उठत होता. केबलची कुजबुज कुठेही उठायची. हा काटा जागा सोडत नव्हता. त्याने कागद छापला आणि मॅनेजरपुढे ठेवला.

मॅनेजरने चष्मा पुसला. "हा कचरा तूच काढला होतास ना? मग खरं काय, हे की ती रेघ?"

मापाड्याने कागद आणखी पुढे सरकवला.

"रेघ चुकली म्हणतोस? लिहू या. कुणी काढली, तेही लिहू. तुझी बायको वाचेलच म्हणा."

कागद टेबलावर तसाच पडून होता. काचेपलीकडे शेजारच्या प्रेसवरची बाई पत्रा सरकवायला हात आत घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती.

"केबलचा नॉइज असेल, साहेब," मापाडी म्हणाला, आणि जाऊन सॉफ्टवेअर पुन्हा खटक्याला बांधून आला.

संध्याकाळी दवाखान्यात बायको भावाच्या उशाशी बसली होती. "हा एकच धरून बसलाय, माझंच चुकलं म्हणून. तुम्ही तरी सांगा याला काहीतरी."

"अगं, पाय आधी पडला असणार माझा," मेव्हणा म्हणाला. "मला आठवत नाही. पण ग्राफ कशाला खोटं बोलेल? त्याचं माझं काय वैर? हो ना, दाजी?"

बायको नवऱ्याकडे बघत राहिली.

"होतं असं कधी कधी," मापाडी म्हणाला.

आयाने चहा आणला. तळ दिसेल इतका पातळ. मेव्हण्याने डाव्या हाताने पेला उचलला आणि चहाबद्दल एक अक्षर न काढता तोंडाशी नेऊ लागला. पेला थरथरत होता, चहा चादरीवर सांडत होता. मापाडी खिडकीकडे बघत राहिला. पेला परत टेबलावर टेकल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने मान वळवली.