नेलिदाने पुसलेली भिंत

नेलिदाने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि कॅमेऱ्यातले सकाळचे फोटो पुसायला घेतले.

"वहिनी, इथं वर काही ठरवू नको," धाकटा दीर फॉर्तुनातो म्हणाला. "खाली जाऊ, पोटात गरम सूप जाऊ दे, मग बघ."

"तुला फोटोतलं काय कळतं?"

विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून तो गालात कोकाची पानं धरून गाढवाचे पट्टे आवळत राहिला.

नेलिदा खालच्या वारास गावात लग्नांचे फोटो काढायची, पण जीव डोंगरात. इथंच जन्मलेल्यांना उंची बाधत नाही, असा तिला ताठा होता. पण ही खिंड गावापेक्षा फारच उंच. सकाळपासून तिला कुठं उभं राहवत नव्हतं. तिपाई इथं लाव, तिथं लाव. पहाटे टिपलेली बर्फाची निळी भिंत तिला आता खोटी, सपाट वाटत होती. उलट समोरच्या कोऱ्या उतारावरून सरकणारे ढग पाहून डोळे भरून आले. आयुष्यभर हेच शोधत होते, अशी खात्रीच पटली. कार्डावरची भिंत पुसून तिने ते पांढरं भरून घेतलं.

फोटो सासऱ्यांसाठी होते. सातुर्निनोने उमेदीची सगळी वर्षं त्या भिंतीचा बर्फ तोडून बाजारात गोळेवाल्यांना विकला होता. आता गुडघे गेले होते. भिंत एकदा बघायची होती, एवढंच त्याचं मागणं.

घरी पडद्यावर नुसतं पांढरं उमटलं. तिरकं. दोन-तीन ठिकाणी तिचाच अंगठा. ती उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. परत वर जाऊ म्हणाली, तर फॉर्तुनातोने पाऊस लागल्याचं सांगितलं. तो सरेपर्यंत खिंड बंद. तोवर म्हातारा राहील का, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

शेवटी ती रिकाम्या हातांनी सासऱ्यांच्या खाटेशी बसली.

"बाबा, फोटो होते. मीच पुसले. वर डोकं ठिकाणावर नव्हतं."

म्हातारा हसला नाही. "मी एकदा गवताची मोळी छान बांधून खाली आणली होती. आत गुंडाळायचा बर्फ वरच राहिला." मग म्हणाला, "आता तोंडानं सांग."

ती सांगू लागली. पायथ्याची काळी वाळू, वरचा निळा पट्टा, मधली भेग. सातुर्निनो डोळे मिटून ऐकत होता. त्याचा उजवा हात घोंगडीवर हलत होता, कुऱ्हाडीचे घाव घालावेत तसा.

"पाणी गळत होतं का गं? माझ्या वेळी थेंब पडत नव्हता."

"गळत होतं, बाबा. सगळीकडून."

घोंगडीवरचा हात थांबला.