नाकतोड्याची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना नाकतोडा आहे. दचकू नका, किडा नव्हे; एकाच माणसापुरतं प्रायोगिक हेलिकॉप्टर. एक खुर्ची, डोक्यावर पंखा, मागे काटकुळी शेपटी. संग्रहालयात माझ्यापुढे पाटी आहे, पण पाट्यांवर माझा विश्वास नाही. रंगावर तर मुळीच नाही!

एके काळी ठिकठिकाणच्या कारागिरांना एकच वेड लागलं होतं. माणसाने एकट्याने उडावं! कुणी यंत्र पाठीला बांधलं, कुणी पायाखाली पंखे फिरवून वर उभं राहिलं. त्यातली बहुतेक यंत्रं शेवटी गोदामात पडली. मला पंप दुरुस्त करणाऱ्या एका भावाबहिणीने घडवलं. भाऊ मिस्त्री, बहीण उडवणारी. भावाची एक पद्धत होती. नट आवळला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत तो लाल रंगाची बारीक रेघ ओढायचा. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसे.

तीन वर्षं आम्ही उडलो. आधी गुडघाभर, मग छपराएवढं, मग थेट नदीपलीकडे. लोक टाळ्या वाजवत. मग शंभर यंत्रं विकत घेणारे साहेब बघायला येणार असं ठरलं. भावाने आदल्या दिवशी मला निळाशार रंग फासला, त्यात रेघा झाकल्या गेल्या. सकाळी त्याने भराभर नव्या रेघा ओढल्या, पण पाना हातात घेतलाच नाही. पंख्याच्या बुडाचा नट सैल होता. मला कळत होतं, पण सांगणार कसा? वर तीच जाणार होती.

बहीण शिडीवर चढली. "दादा, पाना लावलास?"

"रेघ दिसत नाही का? साहेब घड्याळ बघतायत. बस चटकन."

"रेघ जरा जास्तच छान दिसतेय." तिने बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"आता माझ्यावर संशय?"

"तुझ्यावर नाही रे, रंगावर." तिने पाना लावला. नट पाऊण फेरा फिरला. भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

सगळे नट तपासेपर्यंत दुपार झाली. साहेब कंटाळून निघून गेले, ते कायमचेच. "हिच्या नसत्या शंकांनी हातचं गेलं," असं म्हणत लोक तिला हसले. भाऊ मात्र तसं कधीच म्हणाला नाही. मी वीस वर्षं गोदामात धूळ खात पडलो. खुर्चीत उंदरांनी संसार थाटला.

मग मला इथे आणलं. पुन्हा रंग, पुन्हा ताज्या लाल रेघा. मुलं माझ्या खुर्चीत बसून फोटो काढतात, आणि त्यांच्या डोक्यावर तोच पंखा! मला धास्ती वाटते.

पण दर महिन्याला दोघं म्हातारी माणसं येतात. एकाचे हात थरथरतात, दुसरीच्या पिशवीत पाना असतो. पहिल्यांदा आले तेव्हा रखवालदार वैतागला, "आजोबा, रेघा आहेत की!"

"तशा मीही ओढल्या होत्या," भाऊ म्हणाला.

बहिणीने नट आवळला, हाताने चाचपला. "हं, आता ओढ." त्याने रेघ ओढली. वाकडी आली, पण त्या रेघेवर माझा विश्वास आहे.

मित्रांनो, माझ्या खुर्चीत खुशाल बसा. फक्त बसण्याआधी विचारा, "पाना कुणी लावला?" कुणी हसलं तर हसू द्या. तिलाही हसले होते, आणि ती अजून दर महिन्याला येते.