वांग्याचं मशीन

डॉक्टर दिगंबर गायधनी यांचा दवाखाना नाशकात पंचवटीत, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर होता. सकाळी हिवताप, खरूज आणि यात्रेकरूंचे जुलाब यांत वेळ जाई. दुपारी मात्र चिटपाखरू फिरकत नसे. मग डॉक्टर परदेशी मासिकं उघडून बसत, आणि त्यांचे सगळे उपद्व्याप तिथूनच सुरू होत.

१९३४च्या थंडीत त्यांच्या हाती एक जुना अमेरिकन अंक लागला. माणसाच्या मांसात वीज साठवून धरायची थोडी ताकद असते आणि स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीत ती साध्या गाठीपेक्षा जास्त सापडते, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टरांनी तो लेख दोनदा वाचला, डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घातली आणि तसेच पूल ओलांडून भद्रकालीत सलाउद्दीनच्या दुकानात गेले.

सलाउद्दीन ग्रामोफोन, शिलाईयंत्रं आणि गावात होते तेवढे चार-दोन रेडिओ दुरुस्त करी. त्याचा कान असा तिखट की दुकानात पाठमोरा बसून, नुसत्या चाकाच्या कुरकुरीवरून कुणाचा टांगा गेला ते सांगे.

"सलाउद्दीन, न कापता गाठीची परीक्षा करायची आहे. विजेनं."

"झटका बसेल का, डॉक्टरसाहेब?"

"मुंगी चावल्याइतकाही नाही."

"मग करू," सलाउद्दीन म्हणाला. काय करायचं ते त्यानं नंतर विचारलं.

तीन आठवड्यांत यंत्र तयार झालं. एका लाकडी फळीवर बॅटरी, तिच्यावर चालणारं एक गुणगुणतं वेटोळं, आणि मोडक्या रेडिओतून काढलेली एक गोल फिरणारी चकती. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या दोन गाद्या जिथं परीक्षा करायची तिथं लावायच्या. सलाउद्दीननं रेडिओचे ऐकायचे दोन पेले कानांना लावून चकती फिरवत राहायचं. एका ठिकाणी गुणगुण एकदम मंदावे. तिथं चकतीवरचा काटा कुठं आहे ते डॉक्टर वहीत लिहून घेत. निरोगी आणि रोगट मांसाचे आकडे वेगळे यायला हवेत, एवढंच त्यातलं शास्त्र.

पण मांस आणायचं कुठून? दवाखाना रामाच्या देवळाजवळ, शेजारीपाजारी सगळे उपाध्ये. डॉक्टरांनी वांग्यांवर भागवायचं ठरवलं. किडकं आणि चांगलं, बाहेरून दिसायला दोन्ही सारखीच.

वांगी येत लंकाबाईकडून. लंकाबाई मखमलाबादची माळीण, पन्नाशीची, विधवा, आवाजानं अख्खा भाजीबाजार भरून टाकणारी. डॉक्टर रोज दोन शेर वांगी नेऊ लागले तेव्हा तिला आनंद झाला. ते वांगी तारांना जोडून किडकी बाजूला काढतात हे कळलं तेव्हा ती तडक दवाखान्यात आली.

"डाक्टर, माझ्या मालाची बदनामी करता व्हय?"

"अहो नाही, लंकाबाई. हा प्रयोग आहे."

"कोन म्हन्तं ह्यात कीड हाय?" तिनं बाजूला काढलेल्यांतलं एक वांगं उचललं. तुकतुकीत, जांभळं, देठ हिरवागार. "दावा मला!"

डॉक्टरांनी सुरी फिरवली. आत पांढरी अळी आरामात पहुडली होती. लंकाबाईनं दुसरं वांगं उचललं, तिसरं उचललं. सहांपैकी पाचांत अळी निघाली. सहावं निर्दोष होतं. ते तिनं डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं, "ह्याची माफी मागा," म्हणाली, आणि निघून गेली.

बातमी दोन दिवसांत रामकुंडापर्यंत पोचली. एक उपाध्ये कलिंगड घेऊन आले. घोटीच्या एका व्यापाऱ्यानं तांदळाचं पोतं टांग्यातून उतरवलं आणि आत सोंडे किडे किती ते विचारलं. एका सासूबाईंनी सुनेला पुढं ढकलून, "ही खरं बोलते का बघा," अशी मागणी केली. सलाउद्दीन गंभीरपणे म्हणाला, "हे यंत्र दोघींना एकदम लावावं लागतं." सासूबाई पुन्हा आल्या नाहीत. इकडे डॉक्टरांच्या घरात एकोणीस दिवस भरीत, भरली वांगी आणि काप यांखेरीज काही शिजलं नाही. वत्सलाबाई, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, विसाव्या दिवशी म्हणाल्या, "आता भोपळ्याला काही रोग होतो का बघा."

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, दुपारी, लंकाबाई मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. आवाज इतका खाली की वत्सलाबाईंना आधी ओळखूच येईना.

"वैनी, ते वांग्याचं मशीन मानसाला लावता येतं का?"

"का हो?"

लंकाबाईनं पदर सारखा केला. डाव्या छातीत गाठ होती. दिवाळीपासून. दुखत नव्हती म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवायला ती मेली तरी तयार नव्हती. "पन मशीन न कापता आतली कीड सांगतं. म्या सोता पायलंय."

वत्सलाबाईंनी नवऱ्याला सांगितलं. डॉक्टरांचा आनंद आणि काळजी एकाच वेळी इतकी वाढली की त्यांनी चष्मा पुसता पुसता काच बाहेर काढली. वांग्यावरून माणसावर उडी मारणं बरोबर नव्हे, हे त्यांना कळत होतं. पण ही बाई दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कुणाला दाखवणार नाही, हेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीच्या दाराला सोलापुरी चादर बांधली. आत लंकाबाई आणि वत्सलाबाई, बाहेर डॉक्टर, वही आणि सलाउद्दीन. तारा चादरीखालून आत गेल्या होत्या.

"तो मुसलमानभाऊ काय ऐकतोय?" आतून लंकाबाईनं विचारलं.

"गुणगुण ऐकतो, मावशी," सलाउद्दीन बाहेरून ओरडला. "तुमचं काही ऐकू येत नाही."

"मंग आता कसं ऐकलं?"

सलाउद्दीननं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वहीत पाहिलं.

"आधी गाठीची बाजू," डॉक्टर म्हणाले. "अगं, गाद्या मिठाच्या पाण्यात नीट भिजव आणि गाठीच्या दोन अंगांना दाबून धर."

सलाउद्दीननं चकती फिरवली, डोळे मिटले, थांबला. आकडा लिहिला गेला.

"आता दुसऱ्या बाजूला. नव्या गाद्या, नवं पाणी."

यावेळी चकती फिरत राहिली, फिरत राहिली, आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. सलाउद्दीननं कानांवरचे पेले काढले. "डॉक्टरसाहेब, फरक आहे. बारीकसारीक नाही, नाशिक ते मुंबई इतका फरक आहे!"

डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेऊन जोरजोरानं हलवला. मग आत एक बाई बसली आहे आणि तिच्यासाठी ही बातमी आनंदाची नाही, हे आठवून त्यांचा चेहरा पडला. चादरीपाशी जाऊन ते हळू आवाजात म्हणाले, "लंकाबाई, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला हवं. बहुतेक कापायला लागेल."

"जाईन," लंकाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी दोन तास समजावण्याची तयारी केली होती. ती सगळी वाया गेली.

वत्सलाबाईंनी सगळ्यांसाठी लिंबाचं सरबत आणलं. लंकाबाईनं ते एका दमात पिऊन, तोंड वाकडं न करता, पेला खाली ठेवला आणि घरी गेली. सलाउद्दीननं घोट घेतला. तो काही वेळ तोंड बंद ठेवून बसला, मग उठून दारातल्या तुळशीपासून लांब जाऊन थुंकला.

"बाईसाहेब, ह्यात मीठ आहे. समुद्र आहे."

डॉक्टरांनी चाखून पाहिलं. मग सावकाश विचारलं, "सरबताला साखर कशात विरघळवली होतीस?"

"पितळी वाडग्यात."

"आणि मीठ?"

वत्सलाबाई तशाच उठून आत गेल्या. दोन पितळी वाडगे, दोन्ही सारखे, शेजारी शेजारी ठेवलेले. दुसऱ्यातलं पाणी गोड होतं. पहिल्या बाजूच्या गाद्या मिठाच्या पाण्यातून निघाल्या होत्या, दुसऱ्या बाजूच्या साखरेच्या. साखरेच्या पाण्यातून वीज जेमतेम जाते. नाशिक ते मुंबई इतका फरक होता तो मीठ आणि साखर यांच्यात.

डॉक्टर खुर्चीत बसले. "अगं, पण एवढी चूक? तुझ्या हातून?"

"माझं लक्ष उडालं होतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "गादी दाबताना गाठ हाताला लागली. दगडासारखी होती. हलत नव्हती. वरची कातडी आत ओढल्यासारखी, संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. त्यानंतर कुठला वाडगा उचलला मला आठवत नाही."

ही लक्षणं डॉक्टरांनी कॉलेजात पाठ केली होती. ती ओळखायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं.

"कुणाला सांगू नका," सलाउद्दीन म्हणाला. "मावशी जायला तयार झाली आहे. मशीन खोटं निघालं हे कळलं तर बसेल घरी."

"पण ते खोटंच आहे. मी त्या बाईला खोट्या आकड्यावर कापायला पाठवू?"

"आकडा खोटा, गाठ खरी."

डॉक्टरांनी रात्र जेमतेम काढली आणि सकाळी भाजीबाजार गाठला. लंकाबाई मेथीच्या जुड्या लावत होती. तिची बहीण गोजराबाई शेजारी बसून गिऱ्हाइकांची नावं आणि कुणाला काय लागतं ते पाठ करत होती. महिनाभर दुकान तीच पाहणार होती.

"लंकाबाई, एक सांगायचं आहे. काल मशीन चुकलं. पाण्याची गफलत झाली. तो आकडा धरायचा नाही."

लंकाबाईनं मेथीवर पाणी शिंपडलं. "बरं."

"म्हणजे त्यावरून काहीच कळत नाही. पण गाठ वाईट दिसते आहे, म्हणून तुम्ही मुंबईला गेलंच पाहिजे. मशीनवर नव्हे, माझ्या सांगण्यावर."

"डाक्टर, तुमी काय मला येडी समजता? मशीन काय म्हन्लं ते मला कुठं कळलं? वैनीचा हात गाठीला लागला आन् त्यांचं तोंड पांढरं फटक पडलं. माझी आई गेली तवा सुईनीचं तोंड असंच झालं व्हतं." तिनं पुढची जुडी उचलली. "तवाच म्या ठरवलं. आन् ते खारट अवशीद दिलं ना वैनींनी, ते अजून घ्यायचं का?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मशीनचं खरं सांगण्यातच त्यांचं त्या सकाळचं धैर्य संपलं होतं; ते सरबत होतं, हे सांगायला काही उरलं नाही.

मुंबईला सोबत कोण जाणार हा प्रश्न वत्सलाबाईंनी सोडवला. त्या आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय नाशिक रोडला गाडीत बसल्या, मांडीवर लंकाबाईचं गाठोडं. डॉक्टरांनी सर्जनला लिहिलेल्या पत्रात गाठीचं वर्णन होतंच, पण खोटं नको म्हणून त्यांनी यंत्र, दोन वाडगे आणि साखर हेही लिहिलं होतं. सर्जन पत्र वाचून इतका हसला की परिचारिका धावत आली. मग लंकाबाईला तपासून तो हसायचा थांबला आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रिया ठरवली.

कॅन्सरच होता. पण काखेपर्यंत पसरलेला नव्हता. वत्सलाबाई चोवीस दिवस तिथं राहिल्या. डॉक्टर इकडे स्वतःच्या हातचा भात खाऊन दोनदा आजारी पडले आणि दोन्ही वेळा सलाउद्दीनच्या घरून डबा आला. जहिदा, सलाउद्दीनची बायको, शाकाहारी डबा वेगळ्या भांड्यात शिजवून पाठवी आणि त्यात वांगं नसे, याची तिनं खास काळजी घेतली.

सर्जननं आठवण म्हणून गाठीचा तुकडाही पाठवला, यंत्राला लावून पाहा म्हणून. पण तो स्पिरिटमध्ये बुडवलेला होता. डॉक्टरांनी सगळ्या खटपटी केल्या. सलाउद्दीननं तासभर कान लावला आणि म्हणाला, "मेलेल्याशी बोलणं आपल्याला जमत नाही."

लंकाबाई चैत्रात बाजारात परत बसली. उजव्या हातानं तराजू धरायची, डाव्यानं जपून भाजी टाकायची. आवाज मात्र पूर्वीसारखाच. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की बायांना जवळ बोलावून ती काहीतरी सांगे, आणि मग त्यांतली एखादी वत्सलाबाईंच्या मागच्या दाराशी येऊन म्हणे, "मशीन लावून घ्यायचंय."

या वेळी नवऱ्याच्या प्रश्नांची वाट न पाहता वत्सलाबाईंनीच त्याला प्रश्न विचारले. गाठ हलते म्हणजे काय, काखेत काय चाचपायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. डॉक्टरांनी पुस्तकातली चित्रं काढून दाखवली, मराठीतून समजावलं. चादर पुन्हा टांगली गेली. आत त्या हातानं तपासत, बाहेर यंत्र गुणगुणत राही. बायांना ते गुणगुणणं ऐकलं की धीर येई, म्हणून ते बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पुढच्या तीन वर्षांत डॉक्टरांनी बासष्ट बायांचे आकडे प्रामाणिकपणे लिहिले. त्यांतून काहीही सिद्ध झालं नाही. त्वचा, घाम, गादी किती दाबली, सगळ्यानंच आकडा हले. तसं लिहून त्यांनी तो कागद मुंबईच्या एका मराठी वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला आणि तो साभार परत आला. संपादकानं खाली लिहिलं होतं: प्रयोग अयशस्वी, परंतु बासष्टपैकी सात रुग्णांत वेळेवर निदान कसं झालं याचा लेखात उल्लेख नाही.

डॉक्टरांनी ते पत्र वत्सलाबाईंना वाचून दाखवलं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"काय उत्तर लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"खरं ते लिहा," वत्सलाबाई म्हणाल्या आणि तांदळातला खडा अंगणात टाकला. "आणि शुद्धलेखन मला दाखवून मग पाठवा. तुमच्या वेलांट्या नेहमी चुकतात."