मूळ रंग

चुंबकानं ताडपत्रीचं टोक धरून ओढलं आणि त्याचे हात तिथंच थांबले. पंधरा दिवसांपूर्वी याच शेडमध्ये त्यानं एक फिकट मोहरी रंगाची, टपावर उन्हानं पांढुरकी पडलेली जुनी डॅटसन गाडी पाहिली होती. आता समोर होती ती झगझगीत पिवळी. थिनरचा वास अजून हवेत होता.

"कशी आहे?" मागून सिस्टरांनी विचारलं. इस्पितळातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे.

चुंबक गाडीजवळ सरकला. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक त्यानं खिशातून काढला. धंद्यात त्याला नाव पडलं होतं ते यावरूनच. मूळ पत्रा असेल तिथं तो घट्ट चिकटतो, पुट्टी भरलेली असेल तिथं निसटतो. मागच्या खेपेला गाडीभर कुठंही निसटला नव्हता. आज उजव्या दारावर टेकवला आणि सरळ तळहातात येऊन पडला.

चुंबकाला एकदम फार थकल्यासारखं झालं. एकतीस वर्षं तो हौशी लोकांसाठी जुन्या जपानी गाड्या शोधत हिंडत होता. कुणाच्या गोठ्यामागं, कुणाच्या बंद कारखान्यात, कोंबड्यांनी घर केलेल्या डिकीत डोकं घालून त्यानं आयुष्य काढलं होतं. आता गुडघे बोलू लागले होते. ही शेवटची, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं आणि या वेळी बायकोनंही ते खरं मानलं होतं. गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या वातानुकूलित हॉलमध्ये अशा अकरा गाड्या होत्या आणि त्यांची अट एकच असे: गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी, रंगासकट.

आणि ही तशी होती. चाळीस वर्षं एकाच बाईच्या हातातली, ब्रशचा फटकारा न लागलेली. दाराच्या खांबावर जपानी अक्षरांचं मूळ स्टिकर होतं. चालवताना सिस्टर जिथं कोपर टेकवत, तिथला रंग घासून झिजलेला होता. ते पाहून त्या दिवशी चुंबकाच्या मनात उकळ्या फुटत होत्या. पण विकणाऱ्यापुढं चेहरा फुलू द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. चेहरा फुलला की भाव आभाळाला भिडतो. म्हणून जी जी गोष्ट काळजाला भिडली तिच्यापाशी थांबून त्यानं सवयीनं मान हलवली होती आणि जिभेनं 'च्च' केलं होतं. भाव बोलून झाला, तरी 'पुन्हा येऊन पक्कं सांगतो' एवढंच म्हणून तो निघाला होता.

सिस्टरांनी वही पुढं केली. वॉर्डात ठेवत तशी, रेघा आखलेली.

"तुम्ही जिथं जिथं च्च केलंत ते सगळं त्याच दिवशी लिहून काढलं. चौदा जागा. बघा, एकही राहिली नाही."

त्यानं पाहिलं. स्टिकर पेट्रोलनं घासून काढलेलं. सीटना काळं कोरं रेक्झिन. कोपराची जागा गुळगुळीत.

"रंग कुणी दिला?"

"भावानं. जन्मभर हेच काम केलं त्यानं. पण दहा वर्षांत स्प्रेगन हातात धरली नव्हती. हात थरथरतात ना त्याचे. मी मनगट धरून उभी राहायची. बारा दिवस लागले. रविवारी हे घर सोडायचंय. मुलगी चौथ्या मजल्यावर राहते, तिथं गाडीला जागा नाही. जावई म्हणतात, भंगारवाला पाठवतो. मी म्हटलं, थांबा, एक गृहस्थ येणार आहेत. आता पसंत पडेल ना हो? भंगारात नका जाऊ देऊ तिला. निवृत्त होईपर्यंत माझ्याबरोबर रात्रपाळी केलीय तिनं."

चुंबक फोनचं निमित्त करून फाटकापाशी गेला.

"रंग मूळचा आहे ना?" डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं.

"होता."

"मग राहू द्या. दुसरी बघा."

तो परत आला आणि पालथ्या डब्यावर बसला. काहीतरी थाप मारून निघून जाणं सोपं होतं, आजवर कितीतरी वेळा तो तसा गेलाही होता. आज थाप रचायचंही त्राण नव्हतं.

"सिस्टर, त्या दिवशी गाडीत खोट काहीच नव्हती."

"म्हणजे?"

"ज्या चौदा जागा तुम्ही लिहिल्यात, त्याच मला आवडल्या होत्या. आवडलं असं दाखवायचं नाही, म्हणून आम्ही च्च करतो. आता रंग मूळचा नाही, तर ज्यांच्यासाठी बघत होतो ते डॉक्टर नको म्हणतात. चूक माझी आहे."

सिस्टरांनी वही मिटली.

"तोंड होतं ना तुम्हाला? छान आहे म्हणायला काय झालं होतं?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "जन्मभर पेशंटच्या तोंडाकडं बघून दुखणं ओळखलं मी. तुमच्या तोंडाला फसले."

चुंबकाला मान वर करवेना. इतकी लाज त्याला कुठल्या सौद्यात वाटली नव्हती.

"भाऊ आत बसलाय," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला यातलं अक्षर कळता कामा नये. निदान तेवढं करा."

आतल्या खोलीत अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. भाऊ खिडकीशी बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून.

"बघितलीत?" त्यानं विचारलं. "खरं सांगा. रंगाऱ्याला फसवू नका."

"टपावर मागं एक ओघळ आहे."

"आहे. तिथं हात पोचेना."

"बाकी कुठं बोट ठेवायला जागा नाही. दाराच्या कडा तर मी पुन्हा पुन्हा बघितल्या."

हे खरंच होतं, आणि म्हणताना त्याच्या ते लक्षात आलं. भावाचा चेहरा सैल झाला. त्यानं हात मोकळे सोडले आणि ते मांडीवर थरथरू लागले.

"मग कधी नेताय?"

दारात सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली. चुंबकाला घर आठवलं, बायकोला दिलेला शब्द आठवला. इतक्या गाड्या शोधून दिल्या, पण तो स्वतः आजही बसनंच आला होता.

"आजच," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर सिस्टरांनी किल्ली मुठीतच ठेवली.

"डॉक्टर तर नको म्हणाले."

"त्यांना नकोच आहे."

"कीव करून नेत असाल तर नेऊ नका."

"ठरलेल्या भावातच नेतोय. माझ्यासाठी."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी किल्ली दिली. मग त्या शिकवू लागल्या: चोक अर्धाच ओढायचा, दुसरा गिअर पडायला कुरकुर करतो, तेव्हा क्लच पुन्हा एकदा दाबायचा, रागवायचं नाही. चुंबकाला यातलं सगळं येत होतं. तरी तो दाराला टेकून, गुडघा चोळत, एकेक शब्द ऐकत राहिला.

"आणि पावसात बाहेर ठेवायची नाही," सिस्टर म्हणाल्या. "घरी जागा आहे ना हो तुमच्या?"

"करतो," तो म्हणाला.